हुंदोळ

धामापूरच्या तळ्याविषयी जुनी माणसं एक गोष्ट सांगत. कुणाच्या घरी लग्नकार्य निघालं आणि नवरीच्या अंगावर घालायला दागिने नसले, की फुलांची परडी पाण्यावर सोडायची, भगवतीला सांगणं करायचं, आणि सकाळी परडीतून दागिने यायचे. कार्य उरकलं की ते तळ्याला परत द्यायचे. पुढे कुणाला तरी हाव सुटली, दागिने घरातच राहिले, आणि तेव्हापासून तळं देईनासं झालं. सत्यवान गावात आला त्याच आठवड्यात हौसाकाकीनं ही गोष्ट त्याला भाकरी थापता थापता सांगितली. पंधरा वर्षांच्या मुलाला अशी गोष्ट खरी वाटायचं कारण नाही. पण सत्यवानाला पुष्कळ गोष्टी खऱ्या वाटत, आणि खऱ्या गोष्टींविषयी मात्र त्याच्या मनात शंका असे.

तो आला सत्तावन्न साली. पाऊस सरून बोटी सुरू झाल्या तेव्हा मालवणच्या बंदरात पडावातून उतरला. हातात पत्र्याची पेटी, आणि पेटीत कपड्यांपेक्षा कागद जास्त. वाण्याच्या पुड्यांचे छापील कागद, ज्यांना सुरुवात नाही आणि शेवटही नाही. मुंबईत त्याचं वाचन झालं ते सगळं असंच. आई होती तोवर परळला एका खोलीचं का होईना, घर होतं. ती गेल्यावर वडिलांनी खोली सोडली आणि गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकली. तिथे गिरणीतले बाप्ये पाळीपाळीनं झोपत. एकजण उठला की दुसरा त्याच जागी अंग टाकी. त्यात मुलाला कुठे ठेवणार? म्हणून त्यांनी त्याला आपल्या थोरल्या भावाकडे, भिकाजीकडे, गावी पाठवून दिलं.

खरं सांगायचं तर मुंबई सत्यवानानं फारशी पाहिलीच नव्हती. लहानपणी त्याची छाती भरून येई, म्हणून आई त्याला खाली सोडत नसे. गॅलरीच्या गजांमागे बसून तो खालच्या पोरांचं बोलणं ऐकत राही. एकदोनदा खाली गेला तेव्हा त्या पोरांनी त्याच्या तोंडचं ‘माका-तुका’ ऐकलं आणि ‘कोकण्या, कोकण्या’ करत त्याला जिन्यापर्यंत पिटाळलं. पुन्हा तो गेला नाही.

आणि इथे, गावी, तो मुंबईवाला ठरला.

वाडीतली त्याच्या वयाची पोरं संध्याकाळी गुरांना पाणी दाखवून तळ्याच्या बांधावर बसत. त्यांचा म्होरक्या बाबली. रुंद खांद्याचा, बैलाच्या मानेला हात टाकून चालणारा. शंकर म्हणजे त्याची सावली, फक्त सावलीपेक्षा जास्त बोलणारी. पहिल्या संध्याकाळी सत्यवान बांधापासून चार हात लांब उभा राहिला तेव्हा बाबलीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मुंबैचो मा तू?”

“व्हय.”

“मगे बोल.”

“काय बोलू?”

“थंयचे पोरगे बोलतत तसा. आमी काय, रोजचाच बोलतो. म्हशी पण आमची भाषा शिकले.”

सत्यवानानं डोळे मिटले. गजांखालचा तो गोंगाट आठवला. मग हळूच म्हणाला, “खल्लास.”

“म्हंजे?”

“संपला. मेला. काय उरूक नाय.”

“खल्लास,” बाबलीनं तोंडात घोळवून पाहिलं. “आणि?”

“भंकस.”

“ता काय?”

“उगाच बोलत रवता ता.”

“म्हंजे शंकर करता ता.”

“मी खंय करतंय? मी आपला विचारलंय काय...”

“ही बघ,” बाबली म्हणाला, “ही भंकस.”

पोरं हसली, शंकरसुद्धा हसला, आणि बाबलीनं आपल्या उजव्या अंगाचा जांभ्या दगडाचा चिरा हातानं झाडला. “बस, मेल्या. उभो कित्याक?”

त्या दिवसापासून तो चिरा सत्यवानाचा झाला. उशीर झाला तरी त्यावर दुसरा कुणी बसत नसे. पंधरा वर्षांत त्याच्यासाठी कुणी कुठे जागा राखून ठेवली नव्हती. घरी परतताना पोफळींतून वारा येई, आणि आपण कुठल्यातरी मोठ्या, ऊबदार वस्तूच्या आत चाललो आहोत असं त्याला वाटे. रोज संध्याकाळी एक शब्द द्यायचा आणि बांधावर बसायचं. इतकं सोपं होतं ते.

पण गजांमागून ऐकलेले शब्द असे किती असणार? दिवाळी झाली नि गाठोडं रिकामं झालं.

“आज नवीन काय रे, भिडू?” बाबली विचारी, आणि सत्यवान म्हणे, “उद्या सांगतंय.” दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी शंकर म्हणाला, “मुंबै खल्लास झाली वाटता.” सगळे हसले. सत्यवानही हसला, पण रात्रभर तो चिरा त्याच्या डोळ्यांपुढे होता, आणि त्यावर बसलेलं दुसरं कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी, शनिवारची शाळा सुटल्यावर, तो तळ्याकाठी भगवतीच्या देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. भर दुपार. वारा पडलेला. त्या वेळी तळं असं निजे की वरचा डोंगर कुठला आणि पाण्यातला कुठला ते नीट पाहावं लागे. खंड्या एकदा निळा चमकला आणि पाण्यातही चमकला. सत्यवानानं पाय गार पायरीवर ठेवले आणि पाहत राहिला. किती वेळ कोण जाणे. डोंगरावरून एक ढगाचा तुकडा आला, पाण्यातून सावकाश पलीकडे गेला, आणि त्याच्या मागोमाग, जणू त्याला बांधलेला असावा तसा, एक शब्द आला. चिरमाट.

तो त्यानं केला असं त्याला वाटलं नाही. आला असंच वाटलं. काठाला लागलेलं पान उचलावं तसा त्यानं तो उचलला.

“चिरमाट म्हंजे?” संध्याकाळी बाबलीनं विचारलं.

“पयल्या नंबराचा. एकदम बेस्ट.”

“कोण म्हणतत असा?”

“परळात सगळेच.”

सत्यवानाला वाटलं होतं जीभ अडखळेल, पण खोटं इतकं अलगद गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग ते येतच राहिले. ‘फिरकांडी’ आली, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ न देता सटकणं. ‘टिल्लोर’ आला, म्हणजे ज्याच्या खिशात काही नाही पण चालताना खिसा वाजवतो तो. बाबलीच्या तोंडी ते शब्द बसले की मग मागे वळून पाहत नसत. पौषात पोस्टमन सायकलवरून पडला तेव्हा वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा ओरडली, “चिरमाट पडलो.” मास्तरांनी गणिताच्या तासाला विचारलं, “शंकर कुठे आहे?” तर मागून कुणीतरी म्हणालं, “फिरकांडी, गुरुजी,” आणि मास्तरांनी तो एखादा गाव असावा असं समजून मान हलवली.

एकदा पोरं मालवणच्या बाजारात गेली होती. बंदरावरची, इंग्रजी शाळेतली मुलं तिथे होती, इस्त्रीच्या सदऱ्यांतली. एरवी अशा मुलांपुढे वाडीतली पोरं भिंतीला घासून चालत. त्या दिवशी मात्र बाबली मुद्दाम मोठ्यानं बोलत राहिला. एकानं न राहवून विचारलं, “टिल्लोर म्हंजे काय रे?”

“मुंबैचा आसा ता,” बाबली म्हणाला. “तुमका अडाण्यांका नाय कळाचा.”

तेव्हापासून बंदरावरची मुलं त्यांना ‘तळ्याकडचे’ म्हणू लागली. आधी नुसतं ‘रानातले’ म्हणत. बाबली ते नाव मिरवीत गावी आला. सत्यवानाच्या पाठीवर त्यानं अशी थाप मारली की सत्यवानाला खोकला लागला.

हे सगळं कुणाला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. तुळसा, भिकाजीकाकांची मुलगी, सत्यवानापेक्षा वर्षानं मोठी. एके दुपारी ती धुणं घेऊन पायऱ्यांवर आली तेव्हा सत्यवान पाण्याकडे तोंड करून पुटपुटत होता.

“कोणाशी बोलतंस रे?”

“कोणाशी नाय.”

“मगे टिल्लोर कोणाक म्हणी होतंस? पाण्याक?”

सत्यवानाचे कान तापले.

“मुंबैचे शब्द आमच्या तळ्यात कशे इले, ह्या काय माका कळूक नाय,” तुळसा म्हणाली आणि पिळा दगडावर आपटला.

“बाबलीक सांगतलंस?”

“माका खुळ लागला काय? तो माका शेंबडी म्हणता.” तिनं दुसरं लुगडं पाण्यात सोडलं. ते फुगून वर आलं, तिनं ते हळूच दाबून बुडवलं. “पण माका एक दी.”

“काय?”

“शब्द. आमका बायलांक कोण देता? आजी-आवस जा बोलतत ताच आमी बोलतो.”

“कशाक व्हयो तुका?”

लुगड्याभोवती पाण्याची वलयं उठली आणि विरली.

“दुपारचा सगळा आवरून झाला काय मी मागल्या पडवेत बसतंय,” ती म्हणाली. “झोप येत नाय. दुखत पण काय नाय. कोणाचो राग नाय. पण खंयतरी जावचा आसा असा वाटता, आणि खंय ता कळत नाय. आवशीक सांगलंय तर म्हणता, जंत झाले.”

सत्यवान हसला नाही. त्याला ते नेमकं माहीत होतं. गजांमागे बसून त्याची कित्येक वर्षं त्यातच गेली होती. त्यानं पाण्याकडे पाहिलं. पोफळींच्या सावल्या पाण्यात लांब होऊन एकदा इकडे, एकदा तिकडे होत होत्या. त्यांना कुठेच पोचायचं नव्हतं.

“हुंदोळ,” तो म्हणाला.

“हुंदोळ.” तुळसानं मीठ चाखावं तसा तो चाखला. “आज माका हुंदोळ इलो.” मग मान हलवली. “बरो आसा. ह्यो आमचो. बाबलीक देव नको.”

पण शब्दाला दार कोण लावणार? तो विहिरीवर गेला, जात्यावर बसला, सुपांतून पाखडला गेला. बायकांना तो हवाच होता, इतकी वर्षं नव्हता हेच नवल. आठ-पंधरा दिवसांत बाबलीचा बैल रवंथ करायचा थांबून डोंगराकडे टक लावून राहिला, तेव्हा बाबली म्हणाला, “बैलाक हुंदोळ इलो.” तो शब्द त्यानं घरात ऐकला होता, आणि मुंबईचाच असणार असं धरून चालला होता.

फाल्गुनात जयराम आला.

जयराम वाडीतल्याच रुक्मिणीचा एकुलता मुलगा. बाप समुद्रावर गेलेला परत आला नव्हता. चार वर्षं तो मुंबईच्या गिरणीत होता आणि शिमग्याला रजा काढून आला होता. वीस-एकवीस वर्षांचा, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. बोलणं मऊ. दुसऱ्याच संध्याकाळी बाबलीनं त्याला बांधावर आणून बसवलं. सत्यवान आपल्या चिऱ्यावर होता. उठून जावं असं त्याला वाटलं, पण पाय उठले नाहीत.

“जयरामा, आता तू खुशाल बोल,” बाबली म्हणाला. “आमका सगळी मुंबै येता.”

“व्हय? बोल बघूया.”

“तुझो सदरो चिरमाट आसा.”

जयरामानं सदऱ्याकडे पाहिलं. “खंय फाटलो?”

पोरं पोट धरून हसली. “फाटाक नाय,” शंकर म्हणाला, “चिरमाट म्हंजे एक नंबर. तुमच्यात म्हणतत मा?”

जयराम विचारात पडला. चेष्टा करणाऱ्यांतला तो नव्हता. “नाय रे. चार वर्सा झाली, आयकाक नाय.”

“फिरकांडी?”

“नाय.”

“टिल्लोर?”

“ता तर पाखराचा नाव वाटता.”

“तू गिरणीत असतस, तुका काय कळतला,” शंकर म्हणाला, पण त्याच्या आवाजातला जोर गेला होता.

“गिरणीत माणसा काय कमी आसत, शंकरा? एकाच्या तरी तोंडार इला असता.”

मग एकेक करून सगळ्यांनी सत्यवानाकडे पाहिलं. खोटं त्याला सुचत नव्हतं असं नाही. परळात नाही, माझगावात म्हणतात, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण बाबली त्याच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. सत्यवानानं काहीतरी बोलावं, काहीही, एवढीच त्या नजरेत विनवणी होती. आणि त्या नजरेपुढे सत्यवानाला खोटं बोलवेना.

“मीच केलंय,” तो म्हणाला.

“केलंय म्हंजे?”

“थंय, देवळामागे बसान. माझ्याकडचे संपले होते.”

जयराम खो खो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच असावं. पण ते तळ्यावरून पलीकडे गेलं आणि डोंगरावर आपटून परत आलं.

बाबली उठला. “बंदरावरच्या झिलांक मी अडाणी म्हटलंय,” तो हळू म्हणाला. “हेच्या जिवार.” आणि गुरं हाकीत निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी सत्यवान मार खायच्या तयारीनं बांधावर गेला. बाबली त्याला पाहून उभा राहिला. दोन्ही हात जोडले.

“यावे. आपण बसावे. आम्ही निघतच आहोत.”

“आपली प्रकृती ठीक आहे ना?” शंकर म्हणाला.

ही भाषा गावात कुणाशी बोलत? कचेरीतल्या कारकुनाशी, मोजणीदाराशी, देवी टोचायला येणाऱ्याशी. पुस्तकातली, स्वच्छ, कुठे हात धरायला जागा नसलेली. बाबलीला ती नीट येतही नव्हती, पण जेवढी येत होती तेवढी पुरेशी होती. शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, दुकानात, जो भेटेल तो सत्यवानाशी तसंच बोले. “आपण कोठे निघालात?” “वाट सोडा हो, मुंबईचे साहेब आले.” एक गुद्दा मिळाला असता तरी त्यानं तो घरी जपून नेला असता. कुणी कुणाला गुद्दा घालतं म्हणजे निदान त्याला आपलं तरी समजतं.

आणि आपसात पोरांनी ठरवलं, ते खोटे शब्द टाकायचे. ज्याच्या तोंडून निघेल त्याच्या पाठीत प्रत्येकानं एकेक ठोसा घालायचा. ही बातमी तुळसानं आणली.

“सगळ्यांचे पाठी सुजले,” ती म्हणाली. “बाबलीच्या जास्त. ठोसो खाल्ल्यान आणि म्हणालो, चिरमाट मारलंस. मगे आणि एक खाल्ल्यान.”

सत्यवानाला हसू आलं नाही. देवळाच्या पायरीवरून बांध दिसे. पोरं बसलेली असत, पण पूर्वीसारखा कालवा ऐकू येत नसे. एखाद्यानं तोंड उघडावं आणि अर्ध्यावर मिटावं. पाण्यावर संध्याकाळ उतरे, गुरं आपली आपण घराकडे वळत, आणि सत्यवान कुठल्या शब्दाची वाट न पाहता नुसता बसून राही. पाणी तेच होतं. त्यावरून काहीच येत नव्हतं.

जयरामाला वाईट वाटलं असावं. एकदा तो पायरीवर येऊन बसला.

“माज्यामुळे झाला ह्या. तेवा गप रवलंय असतंय तर बरा होता.”

“तुमी खराच सांगलास.”

“शिमगो झालो काय मी जातलंय. येतंस? बापाशीक भेट. गाळ्यात कायतरी जागा करूया.”

सत्यवानानं होकार दिला. घरी सांगितलं तेव्हा भिकाजीकाकांनी नुसती मान हलवली. हौसाकाकी चुलीत फुंकर घालत राहिली. मग म्हणाली, “पेटयेत पोह्यांक जागा ठेव. ते कागद काढ भायर.” त्यानं कागद काढून माळ्यावर टाकले, कपडे पेटीत भरले, आणि पेटी दाराशी आणून ठेवली.

होळीच्या दिवशी दुपारी सगळी वाडी झाड तोडायला जमली. वरच्या अंगाला एक सरळसोट सुरमाड हेरून ठेवला होता. तो तोडून, सोलून, खांद्यावरून तळ्याच्या बांधानं मांडावर, होळीच्या जागेवर, न्यायचा आणि उभा करायचा. पण आधी गाऱ्हाणं. कुऱ्हाड घालण्यापूर्वी मानकऱ्यानं देवाला सगळं सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वाडीत ते काम भिकाजीकाकांचं. एरवी दिवसात दहा वाक्यं न बोलणारा हा माणूस देवापुढे उभा राहिला की बोलता होई. त्याचा एक नेम होता. ज्याचं मागणं असेल त्यानं आदल्या दिवशी येऊन सांगायचं, आणि काका ते त्याच्याच शब्दांत देवाला पोचवायचे. आपला एक शब्द घालायचे नाहीत, त्याचा एक बदलायचे नाहीत. देवाला माणूस त्याच्या बोलण्यावरून ओळखू येतो, असं ते म्हणत.

“बा देवा म्हाराजा,” काकांनी नारळ हातात घेऊन सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा.”

“आज ही होळी उभी करूक वाडी एक झाली आसा. झाड पडताना कोणाच्या अंगार येव नको, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या घरात भांडण होतं, कुणाच्या लेकीला पाहुणे पाहून गेले होते आणि निरोप आला नव्हता. ऊन पानांतून ठिपक्याठिपक्यांनी गळत होतं. मागे उभ्या असलेल्या सत्यवानाला काकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. तो मनानं बोटीत बसलासुद्धा होता.

“रुक्मिणीचो जयराम चाकरीक मुंबैक आसा,” काका म्हणाले. “थंय तेका काम आसा, पगार आसा, पोटाक अन्न आसा. पण सांज झाली, दिवे लागले, काय तेका हुंदोळ येता, म्हाराजा. झोप नाय, दुखणा नाय. खंयतरी जावचा वाटता आणि खंय ता कळत नाय. लेकराचो तो हुंदोळ दूर कर, नायतर तेका तेची वाट दाखव, म्हाराजा.”

म्हातारी माणसं लगेच म्हणाली, “व्हय म्हाराजा.” बायकांतून तर ते उसाशासारखं आलं. रुक्मिणी पदर तोंडाला लावून उभी होती. मुलानं रात्री तिच्याजवळ बसून जे कसंबसं सांगितलं होतं, त्याला तिनंच हे नाव दिलं होतं. तिच्यापाशी तेच होतं. आणि जयराम, ज्यानं चार वर्षांत मुंबईत असला एक शब्द ऐकला नव्हता, तो हात जोडून, मान खाली घालून उभा होता. तो हसत नव्हता.

पोरांचा मात्र आवाज फुटला नव्हता. शंकरानं बाबलीकडे पाहिलं. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ न म्हणणं म्हणजे त्या माणसाचं मागणं मोडणं, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. बाबलीच्या मानेची शीर तटतटली. मग त्यानं जोरात, सगळ्यांच्या मागून, एकट्यानं म्हटलं, “व्हय म्हाराजा.” त्याच्यामागून उरलेली पोरं म्हणाली.

तुळसानं बायकांतून मान वळवून सत्यवानाकडे पाहिलं. सत्यवानानं शेजारच्या आंब्याला हात लावला.

नारळ फुटला. कुऱ्हाडी चालू झाल्या. त्या आवाजात शंकर बाबलीला विचारत होता, “आता ठोसो कोणाक मारूचो? भिकाजीकाकाक?”

“गप रव.”

“तसा न्हय, ठरलेला आसा म्हणान विचारलंय.”

“देवाक सांगान झाला, मेल्या,” बाबली म्हणाला. “देवाक दिलेला आता परत घेवक येणा नाय. खोटो म्हणशीत तर जयरामाचा मागणाच खोटा.” थोडा वेळ तो झाडाकडे पाहत राहिला. “आणि एक ठेवलो तर बाकीचे खंय टाकूचे?”

झाड पडलं ते बरोबर मोकळ्या अंगाला. झावळ्या उतरल्या, साल सोलली गेली, आणि पांढरं, ओलं खोड जमिनीवर चमकू लागलं. बाप्ये दोन्ही बाजूंनी वाकले. सत्यवान जाणाऱ्या पाहुण्यासारखा बाजूला उभा होता.

बाबलीनं खोडाखालून मान वर काढली. “ए.”

सत्यवानानं पाहिलं.

“आपण येणार,” बाबली म्हणाला, “की तू येतंस?”

“येतंय.”

“मगे ये. शंकराच्या मागे शिर.”

ढोल वाजला, हाळी झाली, झाड उठलं. वाट बांधावरून होती. उजव्या हाताला तळं. उतरत्या उन्हात पाण्यातही एक झाड चाललं होतं, उलटं, पांढरं, आणि त्याच्याखाली उलट्या माणसांची रांग. आपण त्यांतले कुठले हे सत्यवान शोधत होता. मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्या खांद्यावर काहीच नाही. तो ठेंगणा. पुढे शंकर उंच, मागे बाबली उंच. खोड त्याच्या खांद्यापासून चार बोटं वरून चाललं होतं, आणि तो दोन्ही हात वर करून, ओल्या लाकडाला तळवे लावून, नुसता चालत होता.

“भार इलो काय रे?” मागून बाबलीनं विचारलं.

व्हय म्हणणं सोपं होतं.

“नाय,” सत्यवान म्हणाला.

चार पावलं तसेच गेले. मग मागे कुठेतरी श्वास ओढल्याचा आवाज आला. बाबली गुडघ्यांत वाकला होता आणि वाकलेलाच चालू लागला होता. खोड कलंडलं.

“कोण रे तो?” पुढून शंकर ओरडला. “वर धरा वायच. सगळा माज्यार इला.”

“चल तू,” बाबली म्हणाला.

खोड हळूहळू खाली आलं आणि सत्यवानाच्या खांद्याच्या हाडावर टेकलं. मग दाबलं. इतकं दुखेल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, उजवीकडचं तळं हललं.

“आता?”

“इलो.”

“मगे मुंबैक कित्याक जातंस?”

सत्यवानाला श्वास पुरत नव्हता, आणि पावलं चुकवून चालणार नव्हतं. पुढून कुणीतरी उतार आला म्हणून हाळी दिली. त्यानं पाय रोवून टाकला, खांदा सावरला.

“नाय जात,” तो म्हणाला.